दोन ते चारचा पहारा

सप्ताहाची पत्रिका छापखान्यात जायच्या आधी एकदा तरी टराटरा फाटते. कुणाचं नाव ‘अन्नदाते’मध्ये गेलं, कुणाचं नुसतंच ‘विशेष सहकार्य’मध्ये, माजी सरपंचांचा फोटो आजी सरपंचांच्या वर आला की खाली, यावरून मारुतीच्या पारावर रात्री उशिरापर्यंत जे चालतं त्याला आमच्याकडे बैठक म्हणतात. मग एखादा म्हातारा कोपऱ्यातून विचारतो, “आरं, देवाचं नाव छापायचंय का त्याला जागाच ऱ्हायली नाय?” हशा होतो, चहा येतो आणि नवा कागद घेतला जातो.

तो नवा कागद माझ्यापुढे येतो. पारनेर तालुक्यातल्या पठारावरच्या एका गावात मी मास्तर. अक्षर बरं, उसनवारी कुणाची नाही आणि गावच्या भावकीत फारसं वजनही नाही. एवढ्या भांडवलावर पहाऱ्यांची यादी आणि कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या, त्या अजून कुणी परत मागितलेल्या नाहीत. त्यामुळे मांडवात बसून कीर्तन ऐकलं असेल त्याहून जास्त सप्ताह मी मांडवाच्या मागून पाहिला आहे.

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईची ओळखीची माणसं फोन करतात. तुमच्याकडे चार दिवस शांत राहायला काही आहे का, रिट्रीटसारखं? मी त्यांना निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला सांगतो, टाकळी ढोकेश्वरची लेणी सांगतो, वडगाव दर्याची गुहा सांगतो. बघून होतं, फोटो निघतात, संध्याकाळी गाडी परत हायवेला लागते. पण थंडीच्या दिवसांत माणूस ताळ्यावर आणायची आमची जी जुनी सोय आहे ती त्यांना सांगताना मी जरा अडखळतो, कारण तिथं शांतता औषधालाही नाही. तिथं चोवीस तास टाळ वाजतात.

पत्रिकेवर सप्ताहाचा हेतू ‘विश्वकल्याण’ असा छापलेला असतो. तो पौषातच का धरला, हे मात्र मांडववाल्याला विचारावं. पौषात लग्नाच्या तिथी धरत नाहीत. मांडव मोकळा, आचारी मोकळा, मोठ्या कढया मोकळ्या आणि भावही नरम. मुंबईकरांना नाताळ ते संक्रांत या दिवसांत रजा जुळवता येते, आणि मुंबईकर आल्याशिवाय आमच्या तालुक्यात कुठलंच कार्य उभं राहत नाही. निम्मं गाव घाटकोपरला नाहीतर कल्याणला असतं. अडचण एकच, कांद्याची. लाल कांदा काढायचा असतो आणि गावरान कांद्याची लागण तोंडावर असते. पण लागण काही सप्ताहासाठी थांबत नाही आणि सप्ताहही लागणीसाठी थांबत नाही. बाया सकाळी वाफ्यात आणि संध्याकाळी हरिपाठाला, असं ते निभतं.

एक कारण मात्र बैठकीत कुणी बोलून दाखवत नाही. या दिवसांत पठारावरचा माणूस एकटा पडतो. घरं गावठाणात कमी, वस्त्यांवर जास्त. दिवस लहान, पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, बिबट्याच्या भीतीनं दिवेलागणीलाच कवाडं लागतात. शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की एकेकट्यानं बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. कांद्याला काय भाव मिळेल याचा घोर मनात घेऊन माणूस थंडीत पाण्यात उभा असतो. महिनाभर असं गेल्यावर त्याला नुसती विश्रांती देऊन भागत नाही. विश्रांती म्हणजे पुन्हा घरात एकट्यानं पडून राहणं. त्याला माणसांत ओढून आणावं लागतं, आणि तेही असं, की तो आला नाही तर कुणाचं तरी अडेल.

सप्ताहात हे जमतं ते वीणेमुळे. पहिल्या दिवशी पूजन झालं की काल्यापर्यंत वीणा खाली टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे, दिवसाचे १२, सात दिवसांचे ८४. प्रत्येक पहाऱ्याला एक विणेकरी आणि सोबत चार टाळकरी तरी हवेत. बाकी दिवस कसा जातो हे मराठी वाचकाला सांगायला नको: पहाटे चारला काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळभर ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, प्रवचन, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत संपवायच्या म्हणजे रोज तेराशेच्या आसपास वाचाव्या लागतात. सुरुवातीला सगळे जोरात असतात. तिसऱ्या दिवशी घसे बसतात आणि ज्येष्ठमधाच्या कांड्या शर्टाच्या खिशाखिशांत दिसू लागतात.

संध्याकाळी सहा ते आठच्या पहाऱ्यासाठी भांडणं होतात, कारण तेव्हा मांडव भरलेला असतो आणि मोबाइलवर फोटो चांगला येतो. पहाटे दोन ते चारच्या रकान्यात मात्र नाव घालायला कुणी राजी नसतं. हा रकाना भरणं ही माझी खरी परीक्षा.

आमचे एक चुलतभाऊ मुंबईला नोकरी करून निवृत्त झाले आणि झोप गमावून बसले. गोळ्या चालू होत्या, डॉक्टर बदलून झाले होते. गावी आले की रात्री अंगणात येरझाऱ्या घालत. मी त्यांना म्हटलं, “नाना, तुम्हाला तसंही जागंच राहायचंय. दोन ते चार तुमच्या नावावर लावू का?” ते आधी रागावले. मग म्हणाले, “लाव. पण बिबट्याचं काय?” वस्तीवरून त्यांना आणायला दोन पोरं, एक काठी, एक बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं भारूड, असा लवाजमा ठरला.

पहिल्या रात्री नाना वीणा गळ्यात घालून उभे राहिले ते कुडकुडतच. एक हात वीणेच्या तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या. घड्याळ बघायला हात मोकळा नाही, मोबाइल काढायला तर नाहीच. मला वाटतं निम्मं औषध इथंच आहे. एरवी आपण झोप येत नाही म्हणून मोबाइल बघतो आणि मोबाइल बघतो म्हणून झोप येत नाही. चार वाजता काकड्याची मंडळी आली, नानांनी वीणा पुढच्याच्या गळ्यात घातली, वाफाळता चहा घेतला आणि सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर असे झोपले की पारायणाचा कर्णा थेट डोक्यावर असूनही कूस बदलली नाही. पुढं रोज तसंच.

यामागचं शास्त्र शोधताना मला अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या केनेथ राइट यांचं काम सापडलं. त्यांच्या गटानं काही माणसांना ऐन हिवाळ्यात आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. २०१७ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन त्या माणसांच्या शरीरात आधीपेक्षा सुमारे अडीच तास लवकर वाढू लागलं. आठवड्याची मुदत वाचून मला आमचा सप्ताह आठवला आणि मी खूश झालो. पण प्रामाणिकपणे बघितलं तर नानांचं प्रकरण त्यात बसत नाही. ते पहाटे दोनला ट्यूबलाइटच्या झगझगाटात उभे होते. शरीराच्या घड्याळाच्या दृष्टीनं हा निव्वळ अत्याचार. दिवसभर उघड्या मांडवात अंगावर ऊन घेतल्याचा फायदा झाला असेल. माझं स्वतःचं मत मात्र वेगळं आहे. घरी ते विनाकारण जागे असत आणि त्या जागरणाची त्यांना भीती वाटे. इथं त्यांच्या जागरणाला काम मिळालं. मुंबईला परतल्यावर झोप पुन्हा मोडली, असं वहिनी सांगतात. पण आता ते रात्री उठले की गॅलरीत बसून हरिपाठ म्हणतात, येरझाऱ्या घालत नाहीत, त्यामुळे निदान वहिनींना झोप लागते.

म्हणण्याचा परिणाम शरीरावर होतो, याला मात्र बरा आधार आहे. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. लॅटिन जपमाळ म्हणताना आणि संस्कृत मंत्र म्हणताना अशा दोन्ही वेळी लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला, आणि त्या लयीत हृदय आणि रक्तदाबाचं नियमनही सुधारलं. आमच्या टाळकऱ्यांवर असा प्रयोग कुणी केलेला नाही. पण संथ चालीवर एकच चरण वीस-पंचवीस जणांनी घोळवला की श्वास आपोआप लांबतो, हे मांडवामागं उभं राहूनही कळतं. द्रुत लयीत पावली सुरू झाली की मग मिनिटाला सहा वगैरे सगळं विसरायचं. तेव्हा थंडीतसुद्धा बंड्या भिजतात.

यादी करणाऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट असते. कुणामागून कुणाला लावायचं, ती.

गावात दोन सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आणि बांधावरून दावा पारनेरच्या कोर्टात. बोलणं बंद, पोरांचंही बंद. दोघंही पहाऱ्याला मात्र नेमानं येत, वेगवेगळ्या वेळी. एका वर्षी मी थोरल्याला रात्री दहा ते बारा लावलं आणि धाकट्याला बारा ते दोन. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष यादी बघून माझ्याकडे बघत राहिले. “मास्तर, हे असं कसं पडलं?” मी म्हटलं, वर्णानुक्रमानं लावलंय. तसं ते अजिबात लावलेलं नव्हतं.

वीणा घेण्या-देण्याची रीत ठरलेली आहे. आधीचा आपल्या गळ्यातली वीणा काढून पुढच्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही. त्या रात्री बाराला थोरला वीणा काढून उभा राहिला आणि धाकटा दोन हातांवर खिळल्यासारखा. टाळकऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चरण पुढं नेलाच नाही, तोच परत परत घेत राहिले. शेवटी धाकट्यानं मान पुढं केली. पाया पडणं झालं. शब्द एक नाही. दुसऱ्या रात्री तसंच, तिसऱ्या रात्री तसंच. रोज एकदा एकमेकांच्या पायाला हात लावायचा आणि दिवसभर तोंड फिरवायचं, हे माणसाला अवघड जातं. पाचव्या की सहाव्या रात्री वीणा देता देता थोरला पुटपुटला, “मोटर वडत नाय, बघून घे सकाळी.” मांडवात हे फक्त पखवाजवाल्याला ऐकू गेलं आणि त्यानं ते सकाळी सहाच्या आत सगळ्या गावाला सांगितलं. लोकांना वाटलं आता गळाभेट होणार. तसलं काही झालं नाही. दावा अजून चालू आहे. फक्त मोटर बिघडली की आता निरोप तिसऱ्याच्या तोंडून जात नाही.

मांडवाच्या मागं शेकोटी असते. तिच्याभोवती जनरेटरवाला, मांडववाल्याची पोरं, टेम्पोवाला, सुप्याच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून थेट इकडंच आलेला एखादा आणि कीर्तनात बसायला लाजणारे सगळे. आत जे सांगितलं जातं त्यावरची टीका इथं होते, आणि ती परखड असते. एकदा संध्याकाळी कानटोपी, मफलर, अंगावर घोंगडी असा एक पाहुणा येऊन शेकायला बसला. जनरेटरवाल्यानं त्याला जागा दिली, बिडीही पुढं केली आणि गप्पांच्या ओघात सांगितलं, “आजचे महाराज ग्वाड हायेत, पण लई ताणतात. मागच्या खेपेला माझं डिझेल संपलं तरी यांचं चालूच.” पाहुण्यानं बिडी नाकारली, बाकी मान डोलावली. नऊला मांडवात फेटा बांधून तोच पाहुणा उभा राहिला. त्या दिवशीचं कीर्तन घड्याळ लावल्यासारखं वेळेत संपलं. जनरेटरवाला दुसऱ्या दिवशीही तोंड लपवत होता. महाराजांनी जाताना त्याला मुद्दाम हाक मारून नारळ दिला.

कर्ण्याचा विषय निघाला की अजून तोंडं कडू होतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. आमच्याकडे काकडा चारलाच कर्ण्यावर लागायचा आणि त्यात पुण्य मानलं जायचं. मग एका वर्षी दहावीतल्या एका मुलीनं माझ्या वर्गात उभं राहून विचारलं, “सर, देव बहिरा हाय का?” प्रश्न कबीराच्या तोडीचा होता, पण कबीर तिला अभ्यासाला नव्हता, ती नुसती झोपेनं हैराण झाली होती. बैठकीत मी तिचं नाव न घेता प्रश्न मांडला. बराच गदारोळ झाला. शेवटी ठरलं की रात्रीचा आणि पहाटेचा आवाज मांडवापुरता ठेवायचा. झालं काय, की काकडा ऐकायचा तर आता अंथरूण सोडून यावं लागतं. पहाटेची गर्दी वाढली.

बायकांच्या बाबतीत सप्ताहाचं गणित दुहेरी आहे. ज्या दिवशी चूलबंद आवतण असतं त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, सगळं घर पंगतीला. आमच्या मांडवात आता वाचायला पुरुषांपेक्षा बायका जास्त बसतात. त्यांतल्या एका वहिनींना मी विचारलं, तीन-चार तास मांडी घालून बसता, पाठ भरून येत नाही का? त्या म्हणाल्या, “भरून येतीय की. पन मास्तर, सात दिवस मला कुनी इचारलं नाय, आज काय करू न् काय नको. मीबी सवताला इचारलं नाय.” आजवर वेलनेस या विषयावर जे काही वाचलं त्यात यापेक्षा नेमकं मला सापडलेलं नाही. काय शिजवायचं, कधी उठायचं, कुणाला काय हवं, ही सगळी ठरवाठरवी घंटेवर आणि पत्रिकेवर सोपवून ती बाई आठवडाभर मोकळी झाली होती.

दुसरी बाजू भाकरीच्या दिवसाची. आमच्या हद्दीला लागून जुन्नर तालुक्यात आणे गाव आहे. तिथं रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला हिवाळ्यात आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो आणि ती आमटी या साऱ्या पट्ट्यात नावाजलेली. त्याच चालीवर आमच्याकडेही एक दिवस आमटी होते. आमटी मांडवामागं कढईत, पुरुषांच्या हातची, चर्चाही तिचीच: खोबरं किती भाजलं, मसाला कुणी कुटला. भाकरी मात्र घराघरातून येते आणि तिची चर्चा होत नाही. कोठीत भाकरीच्या दुरड्या उतरवून घेताना मी बघतो. ज्या वहिनी सकाळी पारायणात असतात त्यांनी त्या दिवशी पहाटे तीनला उठून परातभर पीठ मळलेलं असतं. कमिटीत एकही बाई नाही. हे मी बैठकीत काढलं तेव्हा चहा जरा लवकर आला.

पंगतीत पहिलं कोण बसणार, हाही प्रश्न या मातीत नवा नाही. सेनापती बापट पारनेरचे. १९१४ मध्ये त्यांना मुलगा झाला, तेव्हा बारशाचं पहिलं जेवण त्यांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना वाढलं. पारनेरमध्ये, शंभरावर वर्षांपूर्वी. आमच्या पंगतीत आता कुणी कुणाला उठवत नाही. पण आमटी वाढायची बादली कुणाच्या हातात असते आणि पत्रावळ्या उचलायला कोण असतं, हे कोठीच्या दारातून दिसतं. माणसाच्या जिवाला बरं वाटण्याच्या गोष्टी करताना हेही मोजायला हवं.

याच तालुक्यात मौनाचाही एक नमुना आहे. २०११ च्या एप्रिल आणि ऑगस्टच्या उपोषणांनंतर अण्णा हजारे यांनी १६ ऑक्टोबरला राळेगणसिद्धीत मौन धरलं. मुक्काम पद्मावती मंदिराजवळ, वडाखालच्या झोपडीत. काही सांगायचं तर लिहून. ते मौन सुटलं ४ नोव्हेंबरला दिल्लीत, राजघाटावर. कोजागरी ते कार्तिकी पौर्णिमा या काकड्याच्या महिन्यातच ते दिवस येतात. थंडीच्या तोंडावर आवराआवर करून स्वतःकडं वळायची ही वेळ जुनीच आहे. नगर-दौंड रस्त्यावरच्या अरणगावला, मेहेराबादला, तर मौनाचीच परंपरा. मेहेरबाबा १० जुलै १९२५ ला गप्प झाले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. त्या तारखेला ऐन थंडीत जगभरातली माणसं तिथं जमतात आणि दुपारी पंधरा मिनिटं हजारोंचा जमाव एक शब्द बोलत नाही. मी एकदा त्या गर्दीत उभा होतो. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे तेव्हा कळलं.

आमच्या गावातला एक तरुण इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आला. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा, फी नाही. परत आल्यावर शेकोटीवर त्याची तपासणी झाली. काय फरक पडला रे? तो म्हणाला, “तिथं कुनी बोलत नाय, इथं कुनी गप बसत नाय. उठवत्यात मातर दोन्हीकडं चारलाच.” त्याला बरं वाटलं होतं, हे दिसत होतं. पण दहा दिवस एकट्यानं स्वतःसमोर बसणं सगळ्यांना झेपतं असं नाही, आणि मनाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊही नये. आमच्या पठारावरच्या माणसाला आधीच एकटेपणा पुरून उरलेला असतो. त्याला गलबल्यातच गुण येतो.

गलबल्याचीही पथ्यं आहेत आणि ती आम्ही हळूहळू शिकलो. काकड्याआधी गार पाण्यानंच अंघोळ, हा हट्ट सोडला. मांडवामागं पाण्याचा बंब पेटतो. थंडीत पहाटे रक्तदाब चढतो, दमेकऱ्याची छाती भरते, म्हणून साठीच्या पुढच्या माणसाला पहाटेच्या पहाऱ्यात एकट्याला लावत नाही, आणि गोळ्या घेतल्या का हे विणेकऱ्याला विचारूनच वीणा देतो. नानांनासुद्धा. साखर असलेल्यांसाठी बुंदीऐवजी काय, यावर अजून एकमत नाही. त्यांतले बरेच जण बुंदी खातात आणि वर औषधाची गोळी दाखवतात.

काल्याच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत महाप्रसाद उरकतो आणि चारला मांडव उतरायला लागतो. मग मी आणि आचारी मिळून झारे, पळ्या, वाढपी बादल्या मोजतो. दरवर्षी दोन-चार कमी भरतात, आणि दरवर्षी आचारी म्हणतो की गेल्या साली तर जास्त गेल्या होत्या. मुंबईकरांच्या गाड्या निघतात. निघता निघता एखादा काच खाली करून पुढच्या सालचा अन्नदाता म्हणून नाव सांगून जातो.

यायचं असेल तर अगदी सरळ या. टाकळी ढोकेश्वरला उतरा किंवा पारनेरला, आणि पौषात कुठल्याही गावात सप्ताह कुठं बसलाय ते विचारा. एसटी स्टँडवरचा चहावालाही सांगेल. पैसे कुणी मागणार नाही. राहायची सोय शाळेत, म्हणजे खाली सतरंजी, वर पत्रा. खोली, गादी, गरम पाण्याचा शॉवर यातलं काही नाही. पांघरूण जाड आणा, कानटोपी आणा, औषधं आपली आपण सांभाळा. वाचायला बसणार असाल तर ज्ञानेश्वरीची पोथी कोठीतून मिळेल, सही करून न्यायची. ताट-वाटी घरून आणलेली बरी. पहारा हवा असेल तर संध्याकाळचे सगळे भरलेले असतात, त्याबद्दल वाद घालू नका. दोन ते चारमधले काही आहेत.